बिया कुणाच्या?

वहिनी, आहात का घरात? जरा गडग्याशी या. आधी ही टोपली धरा, कापा फणस आहे. बरका तुमच्याकडे कुणी खात नाही, ठाऊक आहे मला. त्याची मी साठं घातली.

अहो, लगेच आत कुठे धावताय काही आणायला? राहू दे टोपली. नागपंचमीला पातोळ्यांसाठी हळदीची पानं लागतीलच की मला. तुमच्या हळदीवर डोळा ठेवूनच फणस दिलाय म्हणा ना!

बरं, ते ऐकलंत का? नव्या बंगल्यातल्या बाईंचे रातांबे खालच्या आळीतल्या काकूंनी अर्धेलीने घेतले होते. झाड बाईंचं, हात काकूंचे, आमसुलं निम्मी निम्मी. काकू राबल्या हो! रातांबे फोडा, सालं वेगळी करा, मिठाच्या रसात बुडवा, वाळवा, पुन्हा बुडवा. चार-पाच पुटं तरी झाली. आभाळ भरून आलं की सगळं उचलून पडवीत पळायचं, ते वेगळंच. वाटणी झाली, दोघी खूश. आणि निघता निघता बाई विचारतात कशा, “बिया कुठे आहेत?”

बिया! अर्धेलीत बिया कोण मागतं? राबणारीच्या त्या. काकू त्यांचं मुठेल काढतात नि थंडीत अख्खी आळी टाचांच्या भेगांना तेच लावते. गेल्या थंडीत याच बाई त्यातला गोळा नेऊन बसल्या होत्या, तोही फुकट!

पण काकूही काही कमी नाहीत हं. मागे आमचं शेणखत नेलंनी आणि बदल्यात रातांब्याचं रोप दिलंनी. सात-आठ वर्षं पाणी घातलं, फुललं तेव्हा कळलं, नर! बियांच्या रोपांत निम्मे नरच निघतात, आणि फुलेपर्यंत पत्ता लागत नाही. शेवटी ह्यांनी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं ‘कोकण अमृता’चं कलम आणलं, रोख पैसे मोजून. कलम चांगलं आहे, पण पैसे दिले, विषय संपला. त्या नराचं तसं नाही. दर उन्हाळ्यात काकूंना त्याची आठवण करून देते आणि चार आमसुलं जास्तीची पदरात पाडून घेते.

बियांचं काय झालं म्हणता? काकूंनी अख्खी पाटी बाईंच्या ओटीवर नेऊन ठेवली. एक अक्षर बोलल्या नाहीत. आता बाई घरोघर विचारत फिरतायत, मुठेल काढतात कसं? वाळवायच्या, फोडायच्या, गर कुटून पाण्यात उकळायचा, वर तरंगेल ते काढून घ्यायचं, हे कुणीच सांगत नाहीये. सकाळी माझ्याकडेही आल्या होत्या.

मी म्हटलं, शिकवते की. पण अर्धेलीने हं!