साडेतीनशेत दहा हजार

आता जुन्या फोनमध्ये 10,000 एमएएचची बॅटरी बसते म्हणे. फोन तोच, कोपरा फुटलेला. खोबणी तीच, जिच्यात कंपनीची 3,000ची बसत होती. बॅटरीची लांबी तीच, रुंदी तीच, जाडी तर केसभर कमीच. वाढलाय तो फक्त स्टिकरवरचा आकडा. किंमत 350 रुपये, बसवून. "हेवी बॅटरी हाय मामा, दोन दिवस चार्जर शोधायचं काम नाय," असं दुकानातलं पोरगं सांगतं आणि मामा खिशात हात घालतात.

मामा कोण, ते सांगायला हवं. हे तेच मामा, जे संध्याकाळी पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात गोणी काट्यावर चढली की श्वास रोखून उभे राहतात. काटा शून्यावर आहे का, हे आधी पाहतात. मग काट्याला कुणाचा पाय टेकलाय का, हे पाहतात. बारदानाचं किती धरलं, कट्टी किती कापली, माल ओला म्हणून आणखी किती मारले, हा सगळा हिशेब तोंडी, व्यापाऱ्याच्या कॅल्क्युलेटरआधी. अर्ध्या किलोवरून आवाज असा चढतो की भोकरदनच्या गाडीतून नुकत्याच उतरलेल्या पाहुण्याला वाटावं, आता पोलीस येणार. समोरचा व्यापारीही काही कमी नाही. गोणीच्या तोंडावरची मिरची तो बघतच नाही, कोपरापर्यंत हात घालून तळातली काढतो, मोडून बघतो, देठ वास घेऊन टाकतो. ही दोन्ही चोख माणसं बाजार उठल्यावर त्याच मोबाईलच्या दुकानात शिरतात आणि काट्यावरचा विश्वास काढून स्टिकरवर ठेवतात. व्यापाऱ्याच्या फोनमध्येही हेवी बॅटरीच आहे. त्याची 12,000ची. मोठा माणूस.

आम्ही एक उद्योग केला. काढलेली जुनी बॅटरी आणि तशीच एक नवी हेवी, दोन्ही घेऊन सोनाराच्या काट्यावर ठेवल्या. जुनी 46 ग्रॅम. नवी 38. सोनारानं चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "मोड घालायची का?"

हिशेब चौथीच्या पोराला जमेल असा आहे. एमएएच म्हणजे बॅटरीत भार किती मावतो तो आकडा. त्याला व्होल्टनं गुणलं की ऊर्जा निघते. फोनच्या बॅटरीचा साधारण 3.85 व्होल्ट धरला, तर 3,000च्या बॅटरीत होते साडेअकरा वॅट-तास आणि 10,000च्या बॅटरीत साडेअडतीस. साडेअडतीस वॅट-तासांवर लहानसा लॅपटॉप चालतो. आता चांगल्यात चांगली लिथियमची बॅटरी किलोमागं अडीचशे-पावणेतीनशे वॅट-तास देते. म्हणजे खऱ्या 10,000वालीचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, जवळजवळ अख्ख्या फोनाएवढं. घरातली 10,000ची पॉवर बँक उचलून बघा, पाव किलोला थोडीच कमी भरेल. नवे फोन आता 7,000च्या बॅटरीचे येतात, हे खरं. पण तेही अंगानं आणि वजनानं तसे असतात, आणि त्यांच्या आतलं रसायनही त्यासाठी बदललेलं असतं. 38 ग्रॅममध्ये 10,000 भरून दाखवणारा माणूस जगात कुठं असेल तर त्याचा हार घालून सत्कार व्हावा, त्याच्या नावानं कारखाना निघावा. तो 350 रुपयांत, वर टेम्पर्ड ग्लास फुकट देऊन, आपलं संशोधन आठवडी बाजाराला कशाला विकील?

पण मामांना हे सांगून पाहा. मामा म्हणतात, "लय पॉवरफुल हाय. पाऊण तासात फुल होती!" आणि हे ते कौतुकानं सांगतात. अहो मामा, तुमचा चार्जर 10 वॅटचा. खरी 10,000वाली असती तर चार-पाच तास भरतच बसली असती. पाऊण तासात भरते, कारण आत भरायला जागाच नाही. मग ती 60 टक्क्यांवर असताना एक फोन येतो, जावयाचा, आणि 'हॅलो' म्हणेपर्यंत 9 टक्के होतात, 'पोरं कशी हायेत' म्हणेपर्यंत काळोख. फोनमधलं माप जुन्या बॅटरीवर बसवलेलं असतं. त्याला नव्या पाहुणीचा अंदाज येत नाही, म्हणून ते मनानं आकडे सांगतं. यावर दुकानातलं पोरगं उपाय सांगतं: "तीनदा फुल करायची, तीनदा झिरोवर आणायची, मग सेट होती." मामा तीनदा फुल करतात, तीनदा झिरोवर आणतात. सेट होतात ते मामा.

आमची नम्र सूचना अशी की हीच पद्धत मिरचीला लावावी. काटा हवाच कशाला? गोणीत 22 किलो भरायची आणि वर छापील स्टिकर चिकटवायचं, '80 किलो, ओरिजनल'. व्यापाऱ्यानं उचलून पाहिली आणि हलकी लागली, तर सांगायचं, हेवी मिरची हाय, नवीन टेक्नॉलॉजी. त्यानं 80 किलोची पट्टी करावी आणि रोख द्यावेत. परराज्यात ट्रक पोचल्यावर तिथं 22 भरली आणि फोन आला, तर म्हणायचं, पहिल्या दोन-तीन ट्रकांना तसंच होतं शेठ, तीनदा भरा, तीनदा रिकामी करा, सेट होईल. मग हाच न्याय मक्याला, सोयाबीनला, कापसाला. डेअरीत फॅटचं मशीन काढून टाकावं, कॅनवरच स्टिकर लावावं, 'फॅट 12'. म्हशीच्या कपाळावर लावावं, 'रोज 40 लिटर', आणि संध्याकाळी चार लिटर निघालं तर म्हशीला झिरोवर आणावं. दोन एकराच्या बांधावर लावावं, 'दहा एकर, एक्स्टेंडेड'. नवरदेवाच्या बायोडाट्यावर तर स्टिकर लागतंच, तिथं 'बागायत' लिहिलेलं असतं आणि विहिरीत पोरं क्रिकेट खेळतात, म्हणून सोयरीक सोडून बोलू. पण सोयरिकीतसुद्धा माणूस एकदा जाऊन शेत बघून येतो. विहिरीत डोकावतो. बॅटरीत कोण डोकावणार?

स्टिकर मात्र वाचण्यासारखं असतं. मानकाचा क्रमांक असतो, आयएस 16046, आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांकही असतो. तो कुणाचा, हे विचारायचं नाही. खाली फुली मारलेली कचराकुंडी असते. म्हणजे ही वस्तू कचराकुंडीत टाकू नका. गावात हा नियम शंभर टक्के पाळला जातो, कारण टाकायला कचराकुंडी नाही, उकिरडा आहे, आणि उकिरड्यावर फुली नसते. फुगलेली बॅटरी उकिरड्यावर जाते, उकिरडा उन्हाळ्यात खत म्हणून शेतात जातो. पुढच्या वर्षीच्या मिरचीत लिथियम निघालं तर ती खरी हेवी मिरची.

इथवर गंमत होती. आता त्या स्टिकरच्या खालचं बघू. बॅटरीच्या डोक्याशी पिवळ्या टेपखाली बोटाच्या पेराएवढी एक पट्टी असते. जास्त भरू द्यायचं नाही, फार रिकामं होऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. तिच्यावर किंवा तिच्या शेजारी एक बारकुसा दाणा असतो, तो बॅटरीचं तापमान फोनला कळवतो. बॅटरी 45 अंशांच्या पुढं तापली की फोननं चार्जिंग थांबवावं, यासाठी तो दाणा. नकली बॅटऱ्यांपैकी काहींत तो दाणा वाचवतात. त्याच्या जागी एक साधा रेझिस्टर लावतात, काही पैशांचा, जो फोनला कायम एकच उत्तर देतो: 25 अंश. मे महिना, जालना जिल्हा, पत्र्याची खोली, दुपारचे दोन, बाहेर 42, फोन उशीखाली चार्जिंगला, आणि बॅटरी सांगते, 25. महाबळेश्वर! गोधडीत गुंडाळली तरी 25. चुलीजवळ ठेवली तरी 25. आतलं रसायन उकळून वायू सुटतोय, पाकीट फुगतंय, डिस्प्ले एका बाजूनं उचकलाय, मामा त्यावर रबरबँड चढवतायत आणि बॅटरीचा अहवाल, 25 अंश, परिस्थिती नियंत्रणात. ही बॅटरी माणूस असती तर एव्हाना मोठ्या पदावर गेली असती.

बरं, मामांना हसून काय होणार? मामा साडेतीनशेच्या दुकानात हौसेनं गेले नाहीत. पूर्वी फोनचं झाकण नखानं निघायचं. ती 5सी नंबरची चपटी बॅटरी आठवा, काढली, चड्डीला पुसली, बसवली, चालू. अजूनही देवळातल्या रेडिओत आणि पोरांच्या स्पीकरमध्ये ती चालतेय. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की फोन चिकटवावा. गोंदानं! पंधरा हजाराची वस्तू, आणि आतला जो भाग झिजणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, तोच गोंदानं चिकटवून वर काच डकवायची. लिथियमची बॅटरी साधारण 500 वेळा भरली-उतरली की मूळच्या 80 टक्क्यांपर्यंत येते, हे बनवणाऱ्याला माहीत असतं. ट्रॅक्टरचा टायर चाकाला वेल्डिंग करून विकला असता तर मामांनी त्या एजन्सीसमोर रस्ता अडवला असता. फोनचं मात्र 'स्लिम' म्हणून कौतुक केलं. आता बॅटरी बदलायची तर आधी हीट गन, मग सक्शन कप, मग जुन्या एक्स-रेची पट्टी सरकवत काच सोडवायची. वाटेत डिस्प्ले तडकला तर तुमचं नशीब. कंपनीच्या सेंटरला जा म्हणतात. सेंटर शहरात. तिथं गेलं की फोन चार दिवस ठेवा, किंवा या मॉडेलची बॅटरी यायची बंद झाली, नवीन घ्या.

चार दिवस ठेवा! चार दिवस फोन नसला तर माणूस जिवंत आहे हे सिद्ध कशानं करायचं? केवायसीला ओटीपी. हप्त्याला ओटीपी. गॅसला ओटीपी. पिकाची नोंद 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतःच फोनवरून करायची, शेतात उभं राहून फोटो काढून. मामा मिरचीच्या सरीत उभे राहतात, लोकेशन गोल-गोल फिरतं, 34 टक्के, 34 टक्के, कॅमेरा उघडतो, आणि काळोख. कागदावर त्या रानात मिरची नाही. तोडणीवाल्या बायांची मजुरी गेली, फवारणीचे गेले, डोळ्यांपुढं लालभडक झाडं उभी आहेत, पण मिरची नाही, कारण बॅटरी 3,000ची नव्हती, 10,000ची होती. मोटारीला लाइट दिवसा आठ तास किंवा रात्री आठ-दहा तास, पाळीनं. रात्रीची पाळी असली की रानात जाताना टॉर्च म्हणून हाच फोन, साप दिसला तर हाक मारायलाही हाच फोन. ज्या वस्तूशिवाय सरकारदरबारी माणूस मोजला जात नाही, तिचा प्राण साडेतीनशेच्या स्टिकरवर ठेवायचा आणि वर त्यालाच विचारायचं, मामा, असली बॅटरी काहून टाकली? युरोपात 18 फेब्रुवारी 2027पासून नियम येतोय की फोनची बॅटरी ग्राहकाला बाजारातल्या साध्या अवजारांनी काढता आली पाहिजे. काही फोनांना सवलत आहे, पण नियम आहे. म्हणजे न चिकटवता फोन बनवता येतो तर! तिकडच्या शेतकऱ्याच्या हातात पेचकस मावतो आणि आमच्या मामांच्या मावत नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

तरी आम्ही दुकानात जाऊन गॅरंटीचं विचारलंच.

"सहा महिने," पोरगं म्हणालं. "फक्त स्टिकर फाटायला नको."

"आणि बॅटरी फुगली तर?"

"फुगली की स्टिकर तडकतं."

"मग?"

"मग गॅरंटी गेली."

"आणि न फुगता बंद पडली तर?"

"तर बॅटरीचा दोष नाय, मामा," ते काउंटरखाली वाकून खोका काढत म्हणालं, "तुमचा चार्जर हलका पडतोय. हा घ्या. 120 वॅट. दीडशे रुपये."