नाव कुठे घातलंय?

बँकांचं ऑडिट करणाऱ्या बाईने मार्च महिन्यात बाळंत होऊ नये. पण हे सुचायला हवं होतं जूनमध्ये, आणि तेव्हा डोक्यात ताळेबंद नव्हता. शेवटच्या पाळीची तारीख ३ जून. तिच्यात सात दिवस मिळवायचे, नऊ महिने पुढे जायचं, की १० मार्च. हा हिशेब नेगेले नावाच्या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखला जातो. सहकारी बँकांच्या वर्षअखेरीशी त्या गृहस्थांचा काही संबंध आला नसावा.

माझ्या डॉक्टरीणबाईंनी ही तारीख तोंडी काढली. टेबलावर औषधकंपनीने वाटलेली पुठ्ठ्याची चकती होती, आठवडे छापलेली, फिरवली की तारीख सांगणारी. बाईंनी तिला हातही लावला नाही. क्षणभर छताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दहा मार्च. फॉलिक अ‍ॅसिड चालू करा. पंधरा दिवसांनी सोनोग्राफी." संपलं. मी अजून पर्स मांडीवर नीट ठेवत होते.

या भेटीसाठी मी मोबाइलमध्ये क्रमांक घालून प्रश्न लिहून नेले होते. पपई, अननस, कॉफी, स्कूटर, केसांचा रंग, लिफ्ट बंद असली तर जिने, ऑफिसच्या दौऱ्यावर एसटी, आणि श्रावणातले उपास. सगळी यादी खणखणीत वाचून दाखवली. बाईंनी मध्ये अडवलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते. वाचून झाल्यावर त्या एका दमात म्हणाल्या, "पिकलेली चालेल, चालेल, बेताने, तीन महिने नको, चालेल, चालेल, नको." बाहेर येऊन जोड्या लावायला बसले तर प्रश्न आठ आणि उत्तरं सात. मधलं एक कुठेतरी गळलं होतं आणि तिथून पुढचा सगळा ताळा चुकत होता. 'बेताने' हे कॉफीला होतं की स्कूटरला, याचा उलगडा झाला नाही. मी कॉफी सोडली आणि स्कूटर बेताने चालवली.

त्यात त्यांच्याकडची गर्दी. अकराची वेळ म्हणजे अकरा ते दीडच्या दरम्यान केव्हाही. तेवढ्यात भिंतीवर जे काही असेल ते सगळं पाठ होतं. निळ्या डोळ्यांच्या, कोबीच्या गड्ड्यात बसवलेल्या बाळाचं पोस्टर. (कर्वेनगरातल्या बाईने या बाळाकडे टक लावून पाहत बसावं, ही अपेक्षा कुणाची, कोण जाणे.) १९९४ च्या कायद्याचा उल्लेख असलेला, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा फलक. आनंदीबाई जोश्यांचा फोटो, खाली १८८६ आणि फिलाडेल्फिया. त्यांचा पदवीचा प्रबंधही बाळंतशास्त्रावरच होता. बसल्याबसल्या वाटायचं, त्या परत येऊन दवाखाना थाटत्या तर पेशंटशी चार शब्द जास्त बोलल्या असत्या. याला माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. वेळ मात्र भरपूर होता.

पण खरी ठिणगी पडली ती सोनोग्राफीच्या दिवशी. मला बाळाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, अशा छापील कागदावर सही केली, टेबलावर आडवी झाले, श्वास रोखला. बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "ठोके आहेत." आणि पुढे? पुढे काही नाही. हात पुसायला कागद दिला. आयुष्यातली एवढी मोठी बातमी आणि दोन शब्द! आमच्या बँकेतला शिपाई साहेब आल्याचं सांगतानासुद्धा याहून जास्त बोलतो.

त्या रात्री मी नवऱ्याला जाहीर केलं की डॉक्टर बदलायची. तो म्हणाला, "तुला वाटेल तसं कर." या वाक्याने आजवर कुठल्या बायकोला मदत झाली आहे ते मला भेटून सांगावं.

प्रश्न असा की विचारायचं कुणाला? तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. नियमाला अपवाद फक्त माझी आई, आणि आईने कराडला आमच्या जुन्या डॉक्टरीणबाईंकडे माझं नाव घालूनसुद्धा टाकलं होतं. मला न विचारता. "पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय?" सासूबाई आपल्या जागी ठाम होत्या, "मी सातव्या महिन्यापर्यंत डॉक्टरचं तोंड पाहिलं नव्हतं." त्यांच्या सांगण्यातून मला निष्कर्ष काढता येईना, कारण त्यांचा मुलगा माझ्यासमोरच पोहे खात बसला होता आणि तो पुरावा कुठल्या बाजूने धरायचा ते ठरत नव्हतं.

अशात जावेची मंगळागौर आली. फुगडी, झिम्मा, पिंगा, सगळ्या मला ओढताहेत. मी आपलं पाय मुरगळल्याचं सांगून लंगडत कोपरा गाठला. पुढे जेवणाच्या वेळी उठले तेव्हा दुसऱ्याच पायाने लंगडले, हे मागाहून नवऱ्याच्या चुलतबहिणीने सांगितलं. पण तेव्हा मला वाटत होतं, सगळं बेमालूम चाललंय. तेवढ्या बायका एका जागी पुन्हा कधी सापडायच्या, म्हणून मी वरणावर लिंबू पिळता पिळता विषय काढला, "माझ्या एका मैत्रिणीला डॉक्टर बदलायचीय. दुसरा महिना आहे."

पंगतीत जे काही उठलं ते आवरायला अर्धा तास गेला. अमकीकडे गेलं की सिझर ठरलेलंच. छे, तीच बरी, तमकीने नॉर्मलच्या हट्टापायी माझ्या नणंदेला दोन दिवस कळा देत ठेवलं. कुणाचा हात हलका, कुणाचा तोंडाळपणा, कुणाचं बिल. मैत्रीण कोण, हे मात्र एकीनेही विचारलं नाही. निघताना आत्येसासूबाईंनी माझ्या पिशवीत साळीच्या लाह्यांची पुडी कोंबली. "मैत्रिणीला दे. उठल्याउठल्या तोंडात टाकायच्या, मळमळ थांबते. आणि मैत्रिणीला म्हणावं, इतकं तोंड पाडून बसू नकोस."

घरी येऊन मी आकडे काढले. आमचा धंदाच तो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात सिझेरियनचं प्रमाण २१.५ टक्के, खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. जवळपास निम्मं! आता नव्या डॉक्टरला पहिला प्रश्न हाच विचारायचा, असं ठरवून बाणेरच्या एका दवाखान्यात वेळ घेतली.

तिथे सगळंच वेगळं. मंद वास, मंद बासरी, कोबीतलं बाळ नाही. या डॉक्टर बोलायच्या, भरपूर बोलायच्या, आणि सगळं 'आपण'मध्ये. "आपल्याला उलट्या होताहेत का? आपण आता नऊ आठवड्यांचे झालो." त्यांनी तारीख मोबाइलवर काढली. १० मार्च. मग योगवर्ग, आहारतज्ज्ञ, गर्भसंस्कार, नवऱ्याला बसवण्याचा एक स्वतंत्र वर्ग, या सगळ्याचं मिळून एक पॅकेज. शेवटी गोळी लिहून दिली. फॉलिक अ‍ॅसिड. कंपनी तेवढी वेगळी.

मी आकडा विचारला. बाई हसल्या. "माझ्याकडे बीपी, शुगर, जुळी, अशा केसेस जास्त येतात, म्हणून माझा आकडा मोठा दिसेल. पलीकडच्या गल्लीत तसल्या केसेस पुढे पाठवतात, त्यांचा छोटा दिसेल. आकडा घेऊन तुम्ही करणार काय?" प्रत्येक शाखेचा मॅनेजर थकीत कर्जांबद्दल हेच सांगतो. फरक इतकाच की बाईंचं म्हणणं बरोबर होतं.

मग त्यांनी रक्ताचा रिपोर्ट मागितला. आता, आधी कुणाला दाखवलंय का, या प्रश्नावर मी मघाशीच "छे" म्हणून बसले होते. आणि लॅबच्या रिपोर्टवर वरच्या कोपऱ्यात, पाठवणाऱ्या डॉक्टरचं नाव ठसठशीत छापलेलं. मी त्या नावावर अंगठा दाबून कागद पुढे केला. बाईंनी धरला. मी सोडेना. त्यांनी हलकेच ओढला. माझा अंगठा कागदाबरोबर टेबलापर्यंत गेला. "अहो, सोडा की," त्या म्हणाल्या, "हिमोग्लोबिन तुमच्या अंगठ्याखाली आहे."

सोडला.

नाव वाचून त्यांनी चष्मा काढला. "यांच्याकडे जाता? मग तिथे अडचण काय आहे?" मी तोंड उघडलं. एवढ्या दिवसांत मनात साठलेली तक्रार पहिल्यांदाच कुणापुढे मांडायची होती. "त्या… बोलत नाहीत." पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. "उपचार चुकले का काही?" नाही. "तपासण्या?" सगळ्या झाल्या. "बाराव्या आठवड्याच्या आसपास मानेमागची जाडी बघायची सोनोग्राफी आणि डबल मार्कर सांगितलंय?" सांगितलंय. "मीही तेच सांगणार. बदलायचं असेल तर खुशाल बदला, आत्ता बदलणं सोपं. आठव्या-नवव्या महिन्यात अनोळखी पेशंट घ्यायला सगळेच कां कू करतात. येताना तिथले सगळे कागद मात्र आणा."

रिक्षात विचार केला. पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टरलाही फारसं करायचं काही नसतं. रक्त बघायचं, गोळी द्यायची, ठोके बघायचे, आणि थांबायचं. ज्या मज्जानलिकेसाठी ती गोळी असते, ती सहाव्या आठवड्याच्या सुमाराला मिटूनही जाते. मी तेव्हा अननसाचा विचार करत होते. उरतं ते निव्वळ थांबणं, आणि ते बासरी ऐकत करायचं की कोबीतल्या बाळाकडे बघत, एवढाच माझा प्रश्न. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंची सून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी तपासणीला जाते. तिला एकदा विचारलं, डॉक्टर कशा आहेत गं? ती म्हणाली, "कुठल्या? या महिन्याच्या की मागच्या?"

तरी मी बाणेरच ठरवलं. आता पहिल्या दवाखान्यातून कागद मिळवायचे. ते देणार नाहीत, अशी माझी खात्री. वैद्यक परिषदेचे २००२ चे नियम काढून वाचले: पेशंटने मागितल्यास कागदपत्रं ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. आरशासमोर दोन-तीनदा म्हणून पाहिलं. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीच्या दिवशी काउंटरवर जाऊन एका दमात म्हणाले, "माझे सगळे कागद मला हवेत, आणि नियमाप्रमाणे ७२ तासांत हवेत."

काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली. "ताई, फाइल पेशंटकडेच असते की. ती काय, तुमच्या काखेत."

काखेत कळसा ऐकून होते. माझ्या कळशावर प्लॅस्टिकचं वेष्टण होतं आणि मी ते पहिल्या दिवसापासून स्वतःच वागवत होते.

इतक्यात आतल्या दारातून डॉक्टरीणबाई डोकावल्या. "कागद कशाला? माहेरी चाललात का? आत्तापासून नका जाऊ, सातव्यात जा. कुठे, कराडला ना? फॉर्मवर वाचलं होतं. जाताना मी सविस्तर चिठ्ठी देते, तिथल्या डॉक्टरांना फोनही करीन. पहिलटकरणी सगळ्या जातातच, माझं काही म्हणणं नसतं."

बाई माझ्याशी इतकं कधीच बोलल्या नव्हत्या. आणि बोलल्या त्या काय, तर मी जाणार हे धरूनच. मी आठवडेच्या आठवडे ज्यासाठी झोप घालवली, ती त्यांच्या लेखी नेहमीची रीत. मला रागच आला. मला सोडायला एवढ्या तयार?

"मी कुठेही जात नाहीये," मी म्हणाले, "मी इथेच बाळंत होणार."

"बरं," बाई म्हणाल्या, "मग आत या. ब्लॅडर भरलंय का?"

बाणेरला फोनवर कळवणं सोपं होतं. कराड अवघड. संध्याकाळी आईला सांगितलं. ती ऐकून घेत होती, म्हणजे काळजीचं कारण होतं. "अगं, पण मी इथे नाव घातलंय," ती शेवटी म्हणाली. मी पुणं, मार्च, रजा, ऑफिस, जे सुचेल ते सांगत सुटले.

"राहू दे. मग मीच येते फेब्रुवारीत," आई म्हणाली. "तुझी ती बाई बोलते का पण नीट?"

"कमी बोलते."

"मग चांगलंय. मला सगळं सांगता येईल तिला."