टाइप्ड कॉन्स्टंटा, कपातीचा हिशोब दे!

टाइप्ड कॉन्स्टंट यास,
मुक्काम डेटा सेगमेंट, टर्बो पास्कल.

नमस्कार घालण्याजोगं तू काही केलेलं नाहीस, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

निकलाउस विर्थ यांनी १९७० साली पास्कल पुढे आणली, तेव्हा तिच्यात तुला जागा नव्हती. कॉन्स्टंटची किंमत बदलायची नाही, हा तिचा शिरस्ता. तुला घरात घेतलं बोरलँडच्या टर्बो पास्कलने. तिथे तू पाटी लावलीस कॉन्स्टंटची आणि धंदा केलास व्हेरिएबलचा.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की एका दुकानात संगणकावर शेतकऱ्याच्या हिशोबाची पट्टी निघायची. पट्टी छापणाऱ्या प्रोसिजरमध्ये तुझी ओळ होती, ‘कॉन्स्ट कपात : रिअल = ०;’. खाली त्यातच हमाली-तोलाई मिळवलेली. लिहिणारा समजला, दर पट्टीला तू शून्यापासून सुरू होशील. पण तू शून्य असतोस ते प्रोग्रॅम सुरू होताना, एकदाच. प्रोसिजर संपली तरी मागचा आकडा सोडत नाहीस.

पहिल्या, मिरजेच्या शेतकऱ्याची कपात १२० रुपये, बरोबर. त्याच्या मागे कोरेगावचा शेतकरी. त्याची व्हायला हवी ९०, छापून आली २१०. सातारा जिल्ह्यातून पोती घेऊन आलेल्या माणसाने मिरजेच्या माणसाची हमाली का भरायची? बोल!

वर तुझी लबाडी अशी की तक्रार आल्यावर प्रोग्रॅम बंद करून चालू केला की पहिली पट्टी पुन्हा चोख. तपासणारा एकच पट्टी काढतो, मान डोलावतो आणि जातो. खोटा पडतो शेतकरी.

तुझी आठवण कामाची आहे, हे मी नाकारत नाही. प्रोग्रॅम चालू असेपर्यंत पट्टीचा क्रमांक तुझ्याकडे बिनधास्त द्यावा, कारण तिथे मागचं लक्षात ठेवायलाच हवं. पण दुसऱ्याच्या पैशाच्या बेरजेला हात लावायचा नाही. ती बेरीज ‘व्हॅर’मध्ये राहील आणि ‘बिगिन’नंतरची पहिलीच ओळ तिला शून्य करेल. फ्री पास्कलमध्ये तर ‘व्हॅर कपात : रिअल = ०;’ एवढं लिहिलं तरी दर वेळी नवं शून्य मिळतं. शिवाय तिथे आणि डेल्फीत ‘डॉलर जे वजा’ ही सूचना दिली की तुझी किंमत बदलणारी ओळ कंपाइलरच अडवतो.

यापुढे तुझी परीक्षा पहिल्या पट्टीवर होणार नाही. लागोपाठ तीन पट्ट्या काढू आणि तिन्ही हाताने ताडून पाहू. एका रुपयाचा जरी फरक आला, तरी त्या प्रोसिजरमधून तुझी हकालपट्टी.

हिशोबाला पक्का,
सांगलीचा एक प्रोग्रॅमर