एक सॅकवाले नाना

मे संपत आला की नाशिकच्या द्वारका सर्कलजवळ भल्या पहाटे सतरा सीटर गाड्या उभ्या दिसतात. भंडारदऱ्याला जायचं, तंबूत राहायचं, पाऊस लागायच्या आत काजवे बघायचे. 2021 साली सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, म्हणजे चाकांवरचं घर. आपल्याकडे घर टपावर बांधून न्यायची चाल जुनीच आहे.

अशा प्रत्येक गाडीत एक नाना असतात. आठवडाभर आधी त्यांचा ग्रुपवर फतवा निघतो, ‘एक माणूस, एक सॅक. ही सहल आहे, बदली नव्हे.’ निघायच्या दिवशी ते पाठीला चिमुकली सॅक लावून येतात आणि जकात नाक्यावरच्या कारकुनासारखे सगळ्यांच्या बॅगा तपासतात. “वहिनी, शाल? मे महिन्यात? मी बघा, दोन टी-शर्ट आणि ब्रश. माणसाला लागतं काय!”

काय लागतं, ते विल्होळीपासून कळू लागतं. आधी पाण्याची बाटली. मग टोपी. घोटीला चिवड्याचा डबा फिरतो, तो नानांपाशी येऊन थांबतो. मुक्कामी पोचल्यावर टॉवेल, चार्जर, डासांचं मलम. ब्रश त्यांचा स्वतःचा असतो, पेस्ट मात्र नसते. रात्री धरणाच्या पाण्यावरून गार वारा सुटला की तंबूबाहेरून हळूच आवाज येतो, “वहिनी, ती शाल कुणी घेतली नसेल तर...”

बॅटरीही उसनीच. काजवा चमकतो तो मादीला खूण करायला, तिथे उजेड पाडू नये, हे वाटाड्या घसा ताणून सांगत असतो. नाना नेमका झोत सोडतात थेट झाडावर. झाड विझतं. लोक ओरडतात, तोवर बॅटरी मालकाच्या हातात परत गेलेली असते आणि नाना सगळ्यांत मोठ्याने म्हणत असतात, “अरे, बंद करा ना ती! शिस्त म्हणून नाही लोकांना.”

एक मात्र खरं, नाना लबाड नाहीत. आपण कमीत भागवतो, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांचं सामान सोळा जणांच्या बॅगांत वाटलेलं असतं, एवढंच. शाल नेणाऱ्या वहिनींना प्रवासातलं जास्त कळतं, पण ग्रुपवर भाषण करायला त्यांना वेळ कुठला? त्या शाल घडी करत असतात.

परतताना घोटीच्या राइस मिलपाशी नाना गाडी थांबवायला लावतात. पंचवीस किलोचा कट्टा येतो आणि मागच्या सीटवरच्यांच्या पायांवर विसावतो. “सामान कमी आणलं, म्हणून तर जागा झाली!”

यंदा निघालात तर नानांसाठी एक टॉवेल जास्तीचा घ्या. जुना घ्या, तो परत येत नाही.