नाव काय घालायचं?

निधी संकलन समितीचं अध्यक्षपद माझ्याकडे चालून आलं, असं मी घरी सांगितलं. खरं तर ते दुसऱ्याकडे चाललं होतं, मी वाटेत उभा राहिलो. शाळेचं जुनं कँटीन पाडायचं, नवं बांधायचं आणि पैसे माजी विद्यार्थ्यांनी उभे करायचे, एवढं ठरल्यावर कुणीतरी म्हणालं, "अध्यक्ष लिहिणारा असलेला बरा, आवाहन तोच लिहील." आमच्या बॅचमध्ये लिहिणारे दोघंच. दुसरा विम्याचे फॉर्म भरून देतो.

आवाहन मी चार पानी लिहिलं. सुरुवात पैसा फंडापासून. अंताजी दामोदर काळे एकेक पैसा मागत फिरले आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. मग कर्मवीर भाऊराव पाटील. वसतिगृहातल्या पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. इथपर्यंत वाचून बायकोने कागद खाली ठेवला. म्हणाली, "अहो, हे वाचून कुणी पैसे देणार नाही. आणि माझ्या गळ्याकडे बघू नका."

तिसरा परिच्छेद मात्र मी मुद्दाम रचला होता. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली १५ लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं. मोठी रक्कम द्या, नाव लावू, असं उघड लिहायला संकोच वाटतो. ठाकरसींच्या आडून लिहिता येतं.

बॅचच्या ग्रुपवर आवाहन पडलं. अंगठे आले, जोडलेले हात आले, एकाने तर चुकून वाढदिवसाचा केक पाठवला. पैसे कुणी पाठवले नाहीत. दोन दिवसांनी एकाने कपाटातून जुना फोटो शोधून टाकला. पत्र्याची शेड, खिडकीत बनियनवरचे कँटीनवाले तात्या, हातात झारा. खाली एवढंच लिहिलेलं: "वडा ५० पैसे." संध्याकाळपर्यंत आकडे यायला लागले. न्यू जर्सीहून आले, नाशिकहून आले, ज्याला आम्ही मेला समजत होतो तो सांगलीत निघाला आणि त्याचेही आले. चार पानं आणि तीन थोर माणसं एका पारड्यात, वडा दुसऱ्यात. वडा खाली गेला.

लगेच आमच्यातल्या सीएला कर्तव्य आठवलं. त्याने ग्रुपवर खुलासा केला की ८०जी खाली वजावट मिळते ती अर्ध्याच रकमेची, दोन हजारांच्या वर रोख दिलेत तर तीही नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर काहीच नाही. त्या रात्री काही आकड्यांचे पुन्हा जोडलेले हात झाले.

तरी पुरेसे जमले. मग भांडण सुरू झालं ते संगमरवरी पाटीवरच्या क्रमाचं. रकमेप्रमाणे नावं लावावीत, असं मोठी रक्कम देणाऱ्यांचं तत्त्व. शाळेत सगळे समान, सबब अकारविल्हे लावावीत, असं आपटे आणि आगाशे यांचं तत्त्व. माझं आडनाव ह वरून. रक्कम अशी की ती सांगताना मी नेहमी "फुलाची पाकळी" म्हणतो आणि विषय बदलतो. दोन्ही पद्धतींत मी पाटीच्या तळाशी, जिथे पुढे सायकली लागणार. तेव्हा अध्यक्ष या नात्याने मी तिसरी सूचना मांडली: देणगी ज्या क्रमाने आली त्या क्रमाने नावं. "ज्याने आधी विश्वास टाकला, त्याचा मान मोठा," असं मी म्हणालो. सगळ्यांत आधी विश्वास टाकणारा कोण, हे कोषाध्यक्षाने वही उघडून सांगितलं आणि सूचना बारगळली.

इथे मला जरा ताटल्यांबद्दल बोलू द्या. बैठकीत कुणी बोलू दिलं नाही.

तात्यांच्या कँटीनमधली एकही ताटली विकत आणलेली नव्हती. कुणा निवृत्त मास्तरांनी दिलेली, कुठल्या कार्यात मिळालेली, कुणाच्या घरी जास्त झालेली, अशी सगळी जमवाजमव. आणि प्रत्येकीवर नाव घातलेलं. भांड्यावर नाव घालणं ही आपल्याकडची एक स्वतंत्र विद्या आहे आणि तिचा इतिहास कुणी लिहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. पितळेच्या काळात छिन्नी आणि बारकी हातोडी घेऊन ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं पाडत. ती अक्षरं बोटाला लागत. अंधारातही आपला तांब्या ओळखू येई. मग स्टील आलं आणि त्यामागे मशीन आलं. भांड्यांच्या दुकानात एका कोपऱ्यात तो माणूस बसलेला असायचा. मान वर न करता विचारायचा, "नाव काय घालायचं?" आणि आपण सांगून होईपर्यंत त्या सुईचा दाताच्या दवाखान्यातल्यासारखा आवाज सुरू झालेला असायचा. खोडरबर त्या धंद्यात नाही. आमच्या घरी एक पातेलं आहे, त्यावर आजोबांच्या नावामागे 'सौ.' पडलं आहे. आजोबा होते तोवर ते पाहुण्यांसमोर आलं नाही. ते गेल्यावर आजीने पहिल्यांदा त्यात बासुंदी केली.

कार्यात भांडी शेजारीपाजारी जातात, मिसळतात, म्हणून नाव; हे समजू शकतो. पण तारीख कशाला? प्रसंग कशाला? चोर काय तारीख बघून सोडून देणार आहे? मला वाटतं, ते दुसऱ्याने वाचावं म्हणूनच असतं. आणि आम्ही वाचायचोच. वड्यावरचा रस्सा संपत आला, पावाच्या तुकड्याने ताटली पुसायला घेतली की खालून अक्षरं वर यायची. आधी तारीख, मग "हिच्या डोहाळजेवणानिमित्त", मग "सप्रेम भेट", आणि तर्रीचं लाल तेल वेलांटीत अडकून राहिलेलं. मी नववीत असताना कुणाच्या तरी डोहाळजेवणाच्या ताटलीत वडा खात होतो आणि ज्याच्यासाठी ते डोहाळे लागले, ते पोर पाचवीत जाऊन रांगेत माझ्यापुढे उभं होतं, असा माझा तारखेवरून कयास होता. त्याला मी एकदा विचारलंही. तो पळून गेला.

तर माझं म्हणणं एवढंच, की पाटीवर ज्यांना जागा पुरत नाही त्यांची नावं नव्या ताटल्यांवर घालावीत. पाटी काय, उद्घाटनाला वाचतात. ताटली रोज पुसली जाते. मुख्याध्यापिका बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, आता खणांचे ट्रे येतात. नाव घालायचं तर मागच्या बाजूला." म्हणजे माझं नाव टेबलाकडे तोंड करून.

सगळ्यांत मोठी रक्कम आमच्या वर्गातल्या एका मुलीची आली. मुलगी म्हणजे आता दोन नातवंडांची आजी. आभार मानायला मी फोन केला. पाटीवरचा मजकूरही मनात तयार होता, त्यात 'तात्यांच्या वड्याचे ऋण' असं काहीतरी होतं. ती हसली.

"वडा? मी कधी खाल्लाच नाही रे तिथला. आम्ही आत कुठे येत होतो?"

मी आठवायला लागलो. खिडकीशी बाहेरून एक मुलगी लिमलेटच्या गोळ्या घ्यायची, बाकीच्या पाण्याच्या टाकीपाशी थांबायच्या. आत, बाकांवर, मला एकही आठवेना. तसा नियम नव्हता. कुठल्या मास्तरांनी, बाईंनी कधी बजावलेलं नव्हतं. दार सगळ्यांना उघडं होतं आणि त्या दारातल्या पायरीवर आम्ही बसलेलो असायचो. कुणी मुलगी जवळ आली की एकजण ताटली वाजवायचा, बाकीचे हसायचे. तेवढ्यावर काम भागायचं. माझ्या आवाहनात 'आपलं कँटीन' हे शब्द पानागणिक होते.

ग्रुपवर हे निघालं तेव्हा एकाने लिहिलं, "जाऊ दे, तो काळच तसा होता." दहाजणांनी अंगठा दिला. या वाक्याचा मला संताप येतो. काळ येऊन पायरीवर बसत नव्हता. ताटली काळाने वाजवली नव्हती, ती वाजवणारे सगळे ग्रुपवर आहेत आणि रोज सकाळी सुविचार पाठवतात. अर्धी शाळा ज्या शेडीत कधी शिरली नाही, तिच्या आठवणीने आम्ही डोळे पुसत होतो.

"मग इतके पैसे का दिलेस?" मी तिला विचारलं.

"एकदा आत बसून खायचंय. आणि हे बघ, माझी पाटीबिटी नको. बाक चांगले करा. भिंतीकडेचे नकोत, मधोमध टाका. पायरी काढून टाका आणि तिथे उतार करा."

उतार केला. व्हीलचेअरसाठी तो लागणारच होता, असं आर्किटेक्ट म्हणाला, आणि मीही बैठकीत कारण तेच सांगितलं.

मग पदार्थांची यादी ठरवायला बसलो आणि खरी आपत्ती आली. वडा हा शब्द उच्चारताच मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा काढला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम त्यांना तोंडपाठ. चरबी, मीठ, साखर ज्यात जास्त, ते शाळेच्या आवारात विकायचं नाही. नुसतं आवारातच नाही, फाटकापासून कुठल्याही दिशेला ५० मीटरपर्यंत नाही. तळणीचा वडा त्यात बसतो, असा त्यांचा निवाडा. यादीत उपमा, इडली, मटकीची उसळ, तव्यावरचं थालीपीठ, ताक.

बैठकीत कुणी गेल्यासारखी शांतता पसरली. रात्री न्यू जर्सीहून विचारणा झाली की देणगी वड्यासाठी दिली होती, उपम्यासाठी नव्हे; ती परत मिळेल का. एकाने एअर फ्रायरमधला वडा सुचवला. त्याला ग्रुपवरून काढण्याची मागणी झाली. बाईंचं बरोबर होतं, हे सगळ्यांना कळत होतं. आमच्यातल्या निम्म्यांना डॉक्टरांनी तेच सांगितलेलं आहे. शिवाय जी पोरं तिथे खाणार ती उसळीवर खूश होती. त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी वड्याचं नावही काढलं नाही. गार पाणी आणि हात धुवायला जास्त नळ मागितले.

मार्ग तात्यांच्या मुलाने काढला. त्याची स्टँडवर गाडी आहे. तो म्हणाला, "५० मीटर सोडून उभी करतो की." लगेच समितीचे चार ज्येष्ठ सदस्य टेप घेऊन फाटकाशी जमले. कुठल्या खांबापासून मोजायचं यावर थोडं वाजलं. मग बांधकामवाल्याने एक टोक धरलं, मी दुसरं घेऊन निघालो. सायकलचं दुकान गेलं, पिठाची गिरणी गेली आणि ५१ वा मीटर भरला तो आमच्याच एका वर्गमित्राच्या ओट्यासमोर. हा तोच, ज्याने १०१ रुपये देऊन "माझं नाव कुठेही नको" असं बजावलं होतं आणि समितीने ते आनंदाने मान्य केलं होतं.

गाडीला तो लगेच तयार झाला. लाइटही देतो म्हणाला, पाणीही. अट एकच. गाडीवर पाटी हवी, 'सौजन्य' लिहून पुढे त्याचं नाव, लांबून वाचता येईल एवढं.

"तुला तर नाव नको होतं," मी म्हणालो.

"१०१ रुपयांवर कसलं नाव लावतोस लेका? लाजच वाटली असती. इथे जागा माझी आहे."

मजकूर करून द्यायचं काम अर्थातच अध्यक्षाकडे आलं. खाली बारीक अक्षरांत 'संकल्पना' म्हणून आणखी एक ओळ बसते का, ते मी पेंटरला विचारून ठेवलं आहे.