शिट्टी कशाला म्हणायचं?

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी माझा वर्कलोड आठवड्याला चार तासांनी कमी भरला. प्राध्यापकाच्या आयुष्यात यापेक्षा धोक्याची वेळ नाही, कारण त्या रिकाम्या जागेत कुठलाही विषय येऊन बसू शकतो. माझ्याकडे ‘जीवन कौशल’ येऊन बसलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली पदवीच्या मुलांसाठी या नावाचा अभ्यासक्रम आणला. त्यात संवाद आहे, मुलाखतीची तयारी आहे, नेतृत्व आहे, मानवी मूल्यं आहेत. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, तुम्ही पंचवीस वर्षं संसार केलाय. तुम्हाला काय अवघड?” संसाराचा असा शैक्षणिक उपयोग होईल, हे बोलणी करताना कुणी सांगितलं नव्हतं.

मी मन लावून तयारी केली. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात दहा मूलभूत जीवनकौशल्यांची यादी केली होती: स्वतःची ओळख, समानुभूती, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, ताण आणि भावना हाताळणं वगैरे. ती मी पीपीटीवर चढवली आणि प्रत्येक कौशल्यामागे एकेक सूर्योदय लावला. यादीत खोट काढायला जागा नाही. फक्त तिच्यात कुकर नाही.

कुकर आमच्या वरच्या मजल्यावर होता. सदाशिव पेठेतल्या आमच्या वरच्या दोन खोल्यांत कॉट बेसिसवर चार मुलं राहतात. चौघंही इंजिनिअरिंगची, आणि एकमेकांना गावाच्या नावाने हाका मारणारी. नांदेड, जळगाव, कराड आणि सोलापूर. खरी नावं भाडेकराराच्या कागदावर आहेत, ती मला आठवत नाहीत. “नांदेड अजून आला नाही?” “जळगाव मघाशीच गेला की!” असं जिन्यात चालू असतं. नवख्याला आपण एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीपाशी उभे आहोत असं वाटावं.

मेसच्या डब्याला कंटाळून एका रविवारी त्यांनी वरण-भात करायचं ठरवलं. अर्ध्या तासाने सोलापूर खाली आला. “काकू, तुमच्याकडे शिट्टी आहे का जादा? आमची वाजत नाहीये.”

मी वर गेले. चौघं ओट्याभोवती उभे होते, आयसीयूच्या काचेबाहेर नातेवाईक असतात तसे. गॅस मोठा होता, कुकर फुसफुसत होता, शिट्टी ढिम्म. कराड मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. त्याने मला बंद भांड्यात दाब कसा वाढतो, त्यामुळे आतलं पाणी शंभरऐवजी १२० अंशांच्या आसपास कसं उकळतं आणि वाफेचा जोर शिट्टीच्या वजनापेक्षा जास्त झाला की ती कशी उचलली जाते, हे फार सुरेख समजावून सांगितलं. पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं उत्तर. शिट्टी मात्र ढिम्म.

मला दोष दिसला होता. पण तेवढ्यात नांदेडने आईला फोन लावला, म्हणून मी गप्प राहिले. आई म्हणाली, “ऐकव बरं.” त्याने फोन कुकरजवळ धरला. पलीकडे चार सेकंद शांतता. मग प्रश्न आला, “शिट्टीपाशी आवाज येतोय का कडेनं?”

“कडेनं.”

“रिंग घातलास का रे?”

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. रिंग बेसिनमध्ये, काल रात्रीच्या मॅगीच्या पातेल्याखाली होती. साडेचारशे किलोमीटरवरून नुसत्या फुसफुशीवर निदान! ‘समस्या सोडवणं’ या स्लाइडवर मी एका उद्योगपतीचा फोटो लावला होता. सोमवारी तो काढला.

रिंग बसली, शिट्टी झाली, आणि नवा वाद उभा राहिला. आईने चार शिट्ट्या सांगितल्या होत्या. तिसरी आणि चौथीच्या मध्ये कुकरने एक बारीकसा आवाज काढला. जळगाव म्हणाला, झाली चौथी. कराड म्हणाला, “ती शिट्टी नव्हती, ते खाकरणं होतं.” अर्धी धरावी अशी सोलापूरने तडजोड सुचवली. निरीक्षण करण्याआधी कशाला काय म्हणायचं ते ठरवून घ्यावं, हे मी पहिल्या वर्षाला पहिल्याच तासाला शिकवते. पण शिट्टीची व्याख्या मलाही करता येईना. पुन्हा आईला फोन. ती म्हणाली, “अरे, कळतं की ते.”

आमच्या सगळ्या पाककलेची हीच पद्धत आहे. मीठ चवीपुरतं, पाणी बोटाच्या पेराइतकं, हळद चिमूटभर, आणि भाजायचं ते ‘वास सुटेपर्यंत’. त्या पहिल्या महिन्यात नांदेडचे दिवसाला तीन-तीन फोन व्हायचे. मोहरी तडतडली हे कसं ओळखायचं, इथपासून सुरुवात होती.

हे सांगितलं की आमच्या स्टाफरूममध्ये “हल्लीच्या मुलांना काही येत नाही” हे पद सुरू होतं. मला त्यात सूर मिसळवत नाही, कारण कालच्या मुलांपैकी एक माझ्या घरातच आहे. आमचे हे एकसष्ट वर्षांचे आहेत आणि चहाची साखर कुठल्या डब्यात असते हे त्यांना अजून मोघमच माहीत आहे. त्यांना स्वयंपाक आला नाही तरी कुणाला जीवनकौशल्याचा अभ्यासक्रम आणावासा वाटला नाही, कारण घरात कुणीतरी बाई असायचीच. त्याआधीचे विद्यार्थी याच पेठांत माधुकरी मागून किंवा वार लावून जेवायचे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. त्यांना भात शिजवता येत नसेल, पण कुठल्या वारी कुठला जिना चढायचा, आणि आमटी खारट झाली असली तरी यजमानीणबाईंसमोर ती ओरपायची कशी, हे येत असणार. संवाद कौशल्य म्हणतात ते हेच. माझ्या अभ्यासक्रमात त्याला बरेच तास आहेत, खारट आमटी मात्र नाही.

कौशल्यं जुनी होतात तशी शब्दांनाही नवी बिऱ्हाडं येतात. एकदा जळगावला पोस्टात पाठवलं, माझ्या बहिणीला स्पीडपोस्ट करायला. पत्ता मी कागदावर लिहून दिला होता, घाईत पिन राहिला. खिडकीतल्या माणसाने विचारलं, “पिन सांगा.” जळगावने बाणेदारपणे सांगितलं, “पिन कुणाला सांगायचा नसतो.” मागची रांग हसली. घरी येऊन तो माझ्यावरच उखडला, “काकू, बँक रोज मेसेज पाठवते ना!” मग मी त्याला दुसऱ्या पिनची गोष्ट सांगितली. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात सहा आकडी पिन कोड सुरू झाला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी होते. पहिला आकडा विभागाचा, आपल्याकडे चार. आमच्या पेठेचा ४११०३०. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे याचा ओटीपी येत नाही?”

दिवाळीनंतर वरच्या मजल्यावर प्रगती दिसू लागली. जिन्यात फोडणीचा वास येऊ लागला, करपल्याचा कमी झाला. कराडने पिठलं जमवलं. नांदेडचं वरण तर असं उतरू लागलं की मी एकदा वाटीभर मागून घेतलं.

डिसेंबरात एका संध्याकाळी मला त्याच्या आईचा फोन आला. अडीअडचणीला म्हणून तिने नंबर घेऊन ठेवला होता, लावला कधी नव्हता. माझी तब्येत विचारली, पुण्याची थंडी विचारली. मग म्हणाली, “मॅडम, करून खातोय ना तो? नाही, आता काही विचारतच नाही म्हणून म्हटलं.” मी वरणाचं कौतुक केलं. “हो का,” ती म्हणाली, आणि थोडं थांबून पुन्हा म्हणाली, “हो का.”

मी वर गेले आणि नांदेडला एवढंच सांगितलं की तुझ्या आईचा फोन आला होता, तब्येत बरी आहे. दुसऱ्या दिवशी चतुर्थी. सकाळी दूध द्यायला गेले तर तो ओट्याशी उभा होता, फोन कानाला. समोरच्या पातेल्यात रात्रीपासून भिजलेला साबुदाणा होता. दाणा न् दाणा सुटा, टपोरा, मला स्वतःला इतका कधी जमला नाही.

“हां आई,” तो म्हणत होता, “साबुदाण्यात पाणी किती घालायचं असतं?”

मी दूध ठेवलं. पलीकडून सविस्तर उत्तर चालू होतं आणि तो मधूनमधून “अस्सं” म्हणत पातेल्यातला साबुदाणा चमच्याने हळूच मोकळा करत होता. मी खाली येऊन चहा करून प्यायले तरी वरून “अस्सं” ऐकू येतच होतं.