गुरुजी, दिवसाच करत जा

निवृत्त माणसानं भजनी मंडळात जावं, परसात वांगी लावावीत, अगदीच जमलं नाही तर भिशी चालवावी. मी कुलपं चावीवाचून उघडायला शिकायचं ठरवलं. मुंबई-पुण्यात हे खपून गेलं असतं. मुकुटबनमध्ये सिमेंटचा कारखाना आला, आजूबाजूला कोळशाच्या खाणी झाल्या, रस्त्यावर ट्रकांची रांग लागली, तरी कोण कुणाकडून काय मागून नेतो हे दुपारच्या चहापर्यंत गावाला कळतंच.

त्यात मी सुरुवात केली ती थेट गॅरेजातून. या कलेला दोन हत्यारं लागतात : एक टोकाशी किंचित वाकवलेली बारीक सळई आणि दुसरी चपटी, काटकोनात मुडपलेली पट्टी. मोटारीच्या वायपरच्या रबरात जी पोलादी पट्टी असते ती या दुसऱ्या कामाला उत्तम, आणि ट्रकांच्या कृपेनं आमच्याकडे मोडक्या वायपरांना तोटा नाही. गॅरेजवाला माझाच विद्यार्थी. त्यानं पट्टी काढून दिली आणि विचारलं, "कायले पाहिजे गुरुजी?"

"कुलूप उघडायला," मी म्हणालो. आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवल्याचा हा परिणाम.

तो काही बोलला नाही. पैसेही घेतले नाहीत. मी निघालो तेव्हा मात्र त्यानं आपल्या गल्ल्याकडे एकदा नजर टाकली.

सळई मी हॅकसॉच्या जुन्या पात्याला कानस मारून बनवली आणि आठवडी बाजारातून सगळ्यात स्वस्त पितळी रंगाचं कुलूप आणलं. पाच पिनांचं. हे तंत्र काही आजचं नाही. लाकडी पिनांची कुलपं प्राचीन इजिप्तमध्ये होती. आपल्या खिशातल्या दातेरी चपट्या चावीचं श्रेय अमेरिकेतल्या लायनस येल या बापलेकांकडे जातं. बापानं 1848 च्या सुमारास पिनांचं कुलूप केलं, लेकानं 1860 च्या दशकात ते आटोपशीर केलं. कुलपाच्या पोटात चावीसकट फिरणारा एक गोल दांडका असतो. वरून पाच भोकांतून पाच पिना त्याच्यात उतरलेल्या असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर स्प्रिंग. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची. योग्य चावी घातली की पाचही पिनांचे जोड नेमके दांडक्याच्या कडेला येतात आणि दांडका फिरतो.

आता चावी नसताना हे कसं जमायचं? तर कारखान्यातल्या ड्रिलच्या चुकीमुळे. पाच भोकं कितीही नीट पाडली तरी केसभर इकडेतिकडे होतातच. पट्टीनं दांडक्याला हलकासा पीळ दिला की पाचांपैकी एकच पिन आधी अडकते. तिला सळईनं उचलायचं, 'टक्' झालं की ती मार्गी लागली. मग दुसरी अडकते. थोडक्यात, सरकारी कचेरीतल्या टेबलांचा न्याय. एका वेळी एकच टेबल अडतं, ते हललं की पुढचं अडतं, आणि तुम्ही आवाज चढवलात की सगळीच एकदम अडतात.

मी आवाज चढवणाऱ्यांतला. पट्टीवर इतका जोर द्यायचो की पाचही पिना दात आवळून बसायच्या. मग मी सळई खुपसून त्यांना समजवायचो आणि सळई मोडायची. पात्याचे तुकडे हॉलभर झाले. हिच्या पायात एक रुतला, तेव्हा माझी रवानगी ओसरीत झाली.

तिथून मी हिला इतिहास सांगितला. 1851 साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाला अल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन आला. ब्रामा कंपनीच्या दुकानाच्या काचेत वर्षानुवर्षं एक कुलूप मांडलेलं होतं : जो उघडेल त्याला दोनशे गिनी. हॉब्जनं ते उघडलं, पण सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून. "एक्कावन्न तास!" मी म्हणालो, "आणि तो तर जगातला उस्ताद."

"त्याले दोनशे गिन्या भेटल्या," ही आतून म्हणाली. "तुम्ही पोळ्या थंड करून राहिले."

माझं कुलूप उघडलं ते मध्यरात्रीनंतर. ओसरीत अंधार, हातात कुलूप, मन भलतीकडेच. बोटं सैल पडली आणि टक्, टक्, टक् करत दांडका फिरला. मी ओरडलो, "उघडलं! उघडलं रे!" अपरात्री एखाद्या घरातून अशी आरोळी उठली तर शेजारी काय समजतील, हे मला सुचायला हवं होतं. समोरच्या घरात दिवा लागला, पलीकडे कुत्री उठली, कुणीतरी काठी घेऊन आलं. मी कुलूप उंच धरून सगळ्यांना दाखवलं. ही बाहेर आली, कुलूप हातात घेऊन तिनं पुन्हा दाबून लावलं, कमरेच्या जुडग्यातली धान्याच्या कोठीची चावी त्यात घातली आणि फिरवली. उघडलं. स्वस्त कुलपांच्या चाव्यांच्या खाचांचे नमुने मोजकेच असतात, एकाची दुसऱ्याला चालून जाते. हे तिला बाजारात घेतानाच ठाऊक होतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील चहाला आले. कापसाचा भाव झाला, रस्त्यावरची धूळ झाली, मग कपाकडे बघत ते म्हणाले, "गुरुजी, तुमचा तो छंद... दिवसाच करत जा." त्यांना म्हणायचं होतं ते मी नंतर वाचून काढलं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951, कलम 122 : सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीची हत्यारं सबळ कारणाशिवाय जवळ सापडली तर गुन्हा. आणि कारण सबळ आहे हे सिद्ध करायचं ओझं हत्यारवाल्यावर. वायपरची पट्टी उशाशी घेऊन झोपणारा मी एकदम बसता झालो.

तेव्हापासून मी सूर्य पाहून सराव करू लागलो. हात बसला. दुसरं कुलूप उघडलं, तिसरं उघडलं, मुलं बघायला जमू लागली. अशा कीर्तीच्या दिवसांत शेजारच्या मावशी संध्याकाळी धावत आल्या. "गुरुजी, कापसाच्या खोलीची चाबी वणीच्या बसमंदी राहिली जी. सकाई व्यापाऱ्याची गाडी येते. तुमाले तं खोलता येते म्हणतात."

सूर्य मावळत होता. मी मावशींना आधी विचारलं, "कुलूप तुमचंच ना?" त्या बघतच राहिल्या. मी हत्यारं रुमालात गुंडाळून, सबळ कारणाची वाक्यं मनात घोळवत निघालो. मागून निम्मी गल्ली.

बॅटरीच्या उजेडात कुलूप बघितलं. जाड, चौकोनी, वजनदार, आणि पोटावर ठसा : 7 लिव्हर.

लिव्हरच्या कुलपात पिना नसतात. आत एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या पट्ट्या असतात, प्रत्येक नेमक्या उंचीला उचलली गेली तरच आतला खिळा सरकतो. त्याची हत्यारं वेगळी, हात वेगळा, शाळाच वेगळी. हॉब्जला दोन्ही येत होतं. चब कंपनीचं नामांकित लिव्हर कुलूप त्यानं त्याच वर्षी पंचवीसेक मिनिटांत उघडलं होतं. पण आपल्याकडच्या दारांवर लटकणारी बरीचशी भक्कम कुलपं या लिव्हरच्याच जातीची, आणि मी इतके दिवस जीव ओतून शिकलो ती दुसरीच जात. हे मी जमलेल्यांना इजिप्तपासून समजावून सांगायला घेतलं. धाकट्या येलपर्यंत आलो असेन.

एवढ्यात मावशींचा सातवीतला नातू पेचकस घेऊन आला. दाराच्या चौकटीवर जिथं कोयंडा बसवला होता तिथले चार स्क्रू त्यानं काढले. कोयंडा, कडी आणि कुलूप असा सगळा घोस तसाच लटकला आणि दार उघडलं. आत कापूस छतापर्यंत.

मावशींनी तो घोस सोडवला आणि माझ्या हातात ठेवला. "हे तुमीच घेऊन जा गुरुजी. काही घाई नाही, सवडीनं खोला."

"दिवसाच," मागून पोलीस पाटील म्हणाले.